लायपोसोमल बाटली मेंदूपर्यंत पोचते का?

ताई, म्हापशाच्या दुकानदाराने वडिलांच्या पार्किन्सनसाठी लायपोसोमल ग्लुटाथायोनची (हे आपल्या पेशींतच तयार होणारं एक अँटिऑक्सिडंट) बाटली गळ्यात मारली आणि 'लायपोसोम आहे, थेट मेंदूत जातं' असं सांगितलं, ते खरं का, असं तुम्ही विचारलंय. खरं नाही. त्या दाव्यापायी पैसे घालू नका.

लायपोसोम म्हणजे लिपिडचे, म्हणजे चरबीसारख्या पदार्थाचे, अतिसूक्ष्म पोकळ फुगे; आत औषध भरता येतं. ते मी स्वतः बनवलेत. गोल बुडाच्या चंबूत लिपिडचा पातळ थर सुकवायचा, पाणी घालून फिरवायचं, मग ते दुधट पाणी 100 नॅनोमीटर छिद्रांच्या पडद्यातून पुन्हापुन्हा दाबून काढायचं. हळूहळू त्याला निळसर झाक येते. हे साधे लायपोसोम शिरेत टोचले तरी बरेचसे यकृत आणि प्लीहाच उचलतात. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या पेशींमध्ये तर त्यांना शिरायला फटच नसते.

म्हणून त्यांचं बाहेरचं आवरण बदलतात. पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे धागे लावले की ते रक्तात जास्त वेळ टिकतात. त्यावर ट्रान्सफेरिन या लोह वाहणाऱ्या प्रथिनाच्या ग्राहीला (पेशीवरच्या ते पकडणाऱ्या रेणूला) चिकटणारी अँटिबॉडी बसवतात, कारण मेंदू लोह आत घेतो ते याच ग्राहीमार्फत. पण अँटिबॉडी फार घट्ट चिकटली तर वाहिनीच्या भिंतीतच अडकून बसते. पकड थोडी सैल केली तर ती मेंदूत जास्त उतरते, हे जेनेनटेक या अमेरिकी औषध कंपनीच्या संशोधकांनी 2011 मध्ये उंदरांत दाखवलं. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुकानदाराचा घोळ बहुधा पुढच्या गोष्टीत असावा. एका डच कंपनीने ग्लुटाथायोन लावलेले लायपोसोम माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत नेले होते. पण तिथे ग्लुटाथायोन बाहेरून चिकटवलेलं, आत कर्करोगाचं औषध, आणि देणं सलाईनमधून! तोंडाने प्यायलेल्या लायपोसोमचा पित्ताशी गाठ पडताच बहुतेक चुराडा होतो.

त्यापेक्षा बाबांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाची, गोळी बघा. ती अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून मेंदूत जाते आणि त्याच वाहकासाठी जेवणातली प्रथिनंही रांगेत असतात. हुमण-शीत आणि तळलेल्या बांगड्याबरोबर गोळी घेतली की दुपारी हात जास्त थरथरतो, तो बऱ्याचदा यामुळेच. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. मासे मात्र आपल्या मनाने बंद करू नका, या वयात वजन घटलेलं परवडत नाही. बांबोळीच्या इस्पितळात पुढच्या तपासणीला जाल तेव्हा ती बाटलीही सोबत न्या.