कंपनीचा 'नेट झिरो 2040' लोकांना खरा कसा वाटेल?

तुम्ही विचारलंय की कंपनीने 'नेट झिरो 2040' (म्हणजे 2040 पर्यंत हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणणं) जाहीर केलंय, तुम्ही कम्युनिकेशनमध्ये नवीन आहात, तर हे लोकांना पटेल असं कसं मांडावं आणि स्टेकहोल्डर्सना, म्हणजे शेजारी, गुंतवणूकदार अशा संबंधित लोकांना, कसं जोडून घ्यावं. मी त्या खात्यातला नाही. कोकणातल्या एका एमआयडीसीत केमिकल कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांट, मी बरीच वर्षं सांभाळला, आणि तुमच्या खात्याशी माझं याच विषयावर वाजलं होतं. म्हणून लिहितोय.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2003 च्या आदेशापासून घातक कचरा निर्माण करणाऱ्या कारखान्यांना सांडपाणी, हवेतलं उत्सर्जन आणि कचऱ्याचे आकडे गेटबाहेरच्या बोर्डावर लावावे लागतात. आमचा बोर्ड इंग्रजीत होता. उन्हाने अक्षरं उडालेली, आकडे कधीचे ते कुणालाच ठाऊक नाही. मी म्हटलं, मराठीत करा. आउटलेटचा सीओडी (बाहेर जाणारं पाणी किती प्रदूषित आहे त्याचं एक माप) रोज खडूने लिहा, शेजारी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली मर्यादा लिहा. जास्त आला तरी लिहा. हेड ऑफिसचे साहेब म्हणाले, "लोकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?"

पुढे त्याच साहेबांनी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बैठक घेतली. इंग्रजी स्लाइड्स, हिरवी जंगलं, पुढच्या वीस वर्षांची स्वप्नं. खाडीत मासेमारी करणारे एक काका उठले. "ते पुढचं राहू दे. फेस शनिवारच्या रातीलाच का येतो, ते सांगा." साहेब म्हणाले, यावर आपण नंतर बोलू. मला राहवलं नाही. मी काकांना म्हटलं, उद्या सकाळी चार माणसं घेऊन गेटवर या.

ते आले. एरेशन टँक, क्लॅरिफायर, आउटलेटचा फ्लो मीटर, सगळं दाखवलं आणि लॉगबुक त्यांच्यापुढे ठेवलं. एका शनिवारच्या रात्रीची नोंद होती: ब्लोअरचं (एरेशन टँकला हवा देणारं यंत्र) बेअरिंग गेलं, आउटलेट बंद, पाणी होल्डिंग टँकमध्ये. काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "टाकी भरली असती तर?" मी सांगितलं, प्लांट बंद करावा लागला असता. फेस कुणाचा हे काही त्या दिवशी सुटलं नाही, कारण अख्ख्या वसाहतीचं पाणी सामाईक प्रक्रिया केंद्रातून एकाच पाइपने खाडीत जातं. तेही जसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर फेस दिसला की काका आधी मला फोन करायचे.

त्या वर्षीच्या अहवालात यातलं काहीही आलं नाही. रोपं लावतानाचा फोटो आला. सेबीच्या बीआरएसआरमध्ये (लिस्टेड कंपन्यांनी पर्यावरण आणि समाजाबद्दल द्यायचा वार्षिक अहवाल) स्टेकहोल्डर्सचा एक तक्ता असतो, कुणाशी कसा आणि किती वेळा संवाद साधता. तिथे स्थानिक समुदायापुढे 'बैठक, वार्षिक' एवढंच लिहिलं होतं. याला संवाद म्हणायला मी आजही तयार नाही.

आता तुमचं. 2040 च्या आधी पुढच्या दोन-तीन वर्षांचा आकडा सांगा. आधार वर्ष (कपात ज्या वर्षाच्या तुलनेत मोजता ते) कोणतं, स्कोप 3 (पुरवठादार आणि ग्राहकांकडे होणारं उत्सर्जन) धरलाय का, कपात किती स्वतःची आणि किती कार्बन क्रेडिट विकत घेऊन (म्हणजे दुसऱ्याने केलेली कपात पैसे देऊन आपल्या नावावर), हे पहिल्याच पानावर छापा. हुकलेलं उद्दिष्ट सगळ्यात आधी. ऑक्टोबर 2024 पासून ग्रीनवॉशिंगबद्दल (पर्यावरणाच्या नावाखाली दिशाभूल करणारे दावे) ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यामुळे पुराव्याशिवाय 'पर्यावरणपूरक' असा शब्द जाहिरातीत टाकू नका. गुंतवणूकदारांसाठी बीआरएसआर आहेच. पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासून तो सक्तीचा आहे. पण कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला राहणारा माणूस तो कधी उघडणार?

हो, एक राहिलं. मर्यादा ओलांडली तर बोर्डावर लिहिण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. कंपनी लिस्टेड असेल तर काय कधी जाहीर करायचं ते कंपनी सेक्रेटरीला विचारा. आणि तुमचा धंदा सॉफ्टवेअरचा असेल तर गेटवरच्या बोर्डाचं माझं म्हणणं तुम्हाला फारसं लागू नाही.

नव्या प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेनुसार पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावाच लागतो. प्रकल्पाला मंजुरी हवी असताना मराठी जमते, तर दरवर्षीच्या अहवालाला का जमू नये? तो दरवर्षीचा अहवाल एजन्सीकडून लिहून घेऊ नका. शिफ्टच्या ऑपरेटरला शेजारी बसवा आणि त्याला जी ओळ खोटी वाटेल ती खोडा.