पुण्याला काय सांगायचं?

प्रश्न: आम्ही डॅलसजवळ प्लॅनोला राहतो. मुलगा कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, होता. मे महिन्यात त्याची सांख्यिकीची पदवी पूर्ण होईल. एनएफएल ही व्यावसायिक लीग आपल्यासाठी नाही, हे त्याला पटलंय. पण आता मास्टर्स सोडून ग्रॅज्युएट असिस्टंट कोच, म्हणजे कॉलेज संघाचा कनिष्ठ सहायक प्रशिक्षक, व्हायचं म्हणतो. पुण्याला नातेवाइकांना आम्ही ‘एमबीए करणार’ असंच सांगून ठेवलंय. त्याला समजवा.
– एक आई

उत्तर: पत्रातलं पुण्याचं वाक्य मला सगळ्यात जास्त खुपलं. ते मुलाच्या कानावर गेलं असणारच. आपलं काम आईवडिलांना लपवावंसं वाटतं, हे त्याने घरातच ऐकलं. पुण्याला फोन करून ते खोटं तुम्ही मागे घ्या, तेही मुलगा घरात असताना.

आता ‘मास्टर्स सोडून’ याबद्दल. ग्रॅज्युएट असिस्टंट व्हायचं तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावाच लागतो. बहुतेक ठिकाणी फी माफ होते आणि वर थोडं विद्यावेतन मिळतं. म्हणजे मास्टर्स होतंच आहे. नेब्रास्का विद्यापीठाचा क्वार्टरबॅक झॅक टेलर 2008 मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात याच पदावर लागला आणि 2019 मध्ये एनएफएलमधल्या सिनसिनाटी बेंगल्स संघाचा मुख्य कोच झाला. टेक्सस ए अँड एमचे तेव्हाचे मुख्य कोच त्याचे सासरे होते, हेही लक्षात ठेवा. या क्षेत्रात ओळख लागते आणि ती खालच्या पदावर राबूनच होते.

काम शिट्टी वाजवण्याचं नाही. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ घेऊन प्रत्येक प्लेला (चालीला) डाउन (10 यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), उरलेले यार्ड, बचावाची मांडणी अशी नोंद करायची. तिसऱ्या डाउनचे आणि शेवटच्या 20 यार्डांतले प्ले वेगळे काढायचे. त्यावरून स्काउट टीमची, म्हणजे सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या राखीव खेळाडूंची, कार्डं बनवायची. कार्डावर एक सेफ्टी (सगळ्यात मागे उभा राहणारा बचावपटू) चुकीच्या जागी काढला, तर अख्खा संघ चुकीच्या चित्रावर सराव करतो. सांख्यिकी शिकलेल्या मुलाला इथे वाव आहे.

खरा धोका वेगळा आहे. मुख्य कोच गेला की बहुतेकदा सगळा स्टाफ जातो. हंगाम ऑगस्टपासून चालतो आणि त्यात अभ्यास मागे पडतो, म्हणून फॉल सत्रात नियमात बसतील तितकेच कमीत कमी क्रेडिट घ्यावेत. होकार देण्याआधी त्याने विचारावं: फी पूर्ण माफ आहे का, उन्हाळी सत्राचीही? आरोग्यविमा आहे? क्वार्टरबॅकच्या बैठकीत बसायला मिळेल की नुसती कार्डंच काढायची? मुख्य कोचच्या कराराची किती वर्षं उरली आहेत?

एमबीए पुढे दोन-चार वर्षांनीही करता येतं. त्याला मी समजावणार नाही. त्याच्यासोबत बसून या प्रश्नांची यादी मात्र आजच करा.