‘चीत’ झाला म्हणजे हरला का? एमएमएच्या मराठी शब्दांविषयी

प्रश्न नाशिकहून आला आहे. गंगापूर रोडला एमएमएचा, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, वर्ग सुरू होतोय. फलकावर ‘मिश्र युद्धकला आखाडा’ लिहायचा विचार आहे. माहितीपत्रकासाठी टेकडाउन, गार्ड, माउंट, चोक, टॅप यांना मराठी शब्द हवे आहेत. टॅपला त्यांनी स्वतःच ‘थाप मारणे’ सुचवलंय. ‘पारंपारिक युद्धकला आणि एमएमए’ असा एक परिच्छेदही लिहून पाठवला आहे.

फलकावर ‘एमएमए’ हीच अक्षरं ठेवा. खेळाचं नाव म्हणून ते रुळलं आहे, जसं ज्यूदो किंवा कराटे. डावांची नावं मात्र भाषांतर करून बनवू नका, कारण त्यातली बरीचशी तालमीत आणि मल्लखांबावर तयार आहेत. काही शब्द वरून जुळतात आणि आतून फसवतात, त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

‘मिश्र युद्धकला’ व्याकरणात कुठेही चुकत नाही. लेखात, बातमीत वापरायला हरकत नाही. अडचण फलकावर येते. आपल्याकडे ‘युद्धकला’च्या मागे ‘शिवकालीन’ इतक्या वेळा लागलं आहे की तो शब्द लाठीकाठी, दांडपट्टा आणि तलवारीला चिकटून बसला आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या पालकांना ‘मिश्र युद्धकला’ वाचून लाठी आणि तलवार दोन्ही शिकवत असतील असंच वाटेल. ‘मिश्र लढत’ तर आणखी घोटाळ्याचं, कारण खेळाच्या मराठीत ‘मिश्र’ म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र. बॅडमिंटनची ‘मिश्र दुहेरी’ सगळ्यांच्या कानात आहे.

‘मुक्त लढत’ही नको. ‘मुक्त’ म्हटलं की नियम नाहीत असं ध्वनित होतं. एमएमएत डोळ्यांत बोट घालणं, चावणं, डोक्याने धडक, जांघेत मार, डोक्याच्या मागच्या बाजूला ठोसे हे सगळं निषिद्ध आहे. साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची, मध्ये एक मिनिट विश्रांती. इतकं बांधलेलं असताना ‘मुक्त’ कशाला?

संस्कृतात बिनशस्त्र लढतीला नेमका शब्द आहे: नियुद्ध. अमरकोश ‘नियुद्धं बाहुयुद्धे’ असा अर्थ देतो. अर्थाने तो चपखल बसतो. पण संघाच्या शाखेत गेलेल्यांना सोडलं तर तो फारसा कोणी ऐकलेला नाही, आणि मराठी कानाला सुरुवातीचा ‘नि’ नकारासारखा लागतो, ‘युद्ध नसलेलं’ असा. फलकावर असा शब्द समजावत बसावं लागेल.

आता ‘आखाडा’. इतर गावांत चाललाही असता. नाशिकला आखाडा म्हटलं की आधी सिंहस्थ आठवतो: रामकुंडावर स्नानाला येणाऱ्या वैष्णवांच्या निर्मोही, निर्वाणी, दिगंबर या तीन अनी आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करणारे शैव आखाडे. त्यापेक्षा ‘तालीम’ घ्या. हा मूळ अरबी शब्द, अर्थ शिक्षण. नाटकाची होते तीही तालीमच. म्हणजे शब्द लाल मातीच्या हौद्याला बांधलेला नाही. रबरी मॅटवर शिकवलं तरी ती तालीमच.

आता डाव. पाय धरून पाडण्याला मराठीत ‘पट काढणे’ म्हणतात. एक पाय धरला तर एकेरी पट, दोन्ही धरले तर दुहेरी. सिंगल लेग आणि डबल लेग याच गोष्टी आहेत, तेव्हा इथे शोधायला काही उरतच नाही. पट रोखण्याला ‘पटाची तोड’: पाय झटकन मागे फेकायचे, कंबर खाली सोडायची आणि छातीचा भार समोरच्याच्या खांद्यांवर टाकायचा. ‘तोड’ हा शब्द पत्रकात जरूर वापरा. ‘प्रतिबचाव’, ‘प्रतिकार तंत्र’ असले शब्द त्याच्यापुढे लंगडे आहेत.

शब्द तोच असला तरी पट मात्र जसाच्या तसा आणता येत नाही. कुस्तीत गळा आवळणं नियमबाह्य. म्हणून पटात घुसताना मान वाकली, डोकं समोरच्याच्या बगलेखाली गेलं तरी पैलवानाला भीती नसते. एमएमएत तीच मान बगलेत सापडते आणि समोरचा माणूस हात गुंफून उचल देतो. याला गिलोटिन म्हणतात. कुस्तीतून आलेला भारत खंडारे नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला यूएफसी या एमएमएच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत उतरला तेव्हा पहिल्याच फेरीत याच डावावर हरला. म्हणून एमएमएच्या पटात नजर वर ठेवायची, कान समोरच्याच्या बरगडीला चिकटवायचा आणि पाय धरल्यावर थांबायचं नाही, चालत राहायचं. थांबला की मान हाती लागते.

टेकडाउन हा शब्द पटापेक्षा व्यापक आहे. टांग, ढाक, लपेट यांपैकी कशानेही पाडलं तरी ते टेकडाउनच. त्याला कुस्तीच्या समालोचनातला ‘ताबा घेणे’ चालेल. ‘चीत करणे’ मात्र अजिबात लिहू नका. सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. गुणांवर निकाल लागतो तेव्हाही, जसा नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरने २०२० ची महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत ३-२ अशी जिंकली, तेव्हाही चीत होणं म्हणजे शेवट हा पाया बदलत नाही. ‘अस्मान दाखवणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला: पाठीवर पडलेल्याला आभाळच दिसतं. एमएमएत पाठीवर पडलेला माणूस लढत असतो, आणि कधी कधी जिंकत असतो. डिसेंबर १९९४ मध्ये यूएफसीच्या चौथ्या स्पर्धेत डॅन सेव्हर्न या कसलेल्या कुस्तीगिराने रॉयस ग्रेसीला खाली घेतलं आणि पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लढत चालली. कुस्तीच्या हिशेबाने ग्रेसी कधीच हरला होता. शेवटी त्याने खालूनच पायांची कैची सेव्हर्नच्या मानेभोवती घातली आणि सेव्हर्नने हार मानली. आपल्या भाषेत ‘चीत’ या शब्दात पराभव भरलेला आहे, तो काढता येणार नाही. पाडल्याबद्दल ‘पाडलं’, ‘खाली घेतलं’ किंवा ‘ताबा घेतला’ एवढंच लिहा.

मग पाठीवर पडून लढणाऱ्याच्या त्या स्थितीला, गार्डला, काय म्हणायचं? कुस्तीत शब्द मिळणार नाही, कारण तिथे ही स्थितीच हरलेल्याची आहे. शब्द मल्लखांबावर आहे: अढी. खांब दोन्ही हातांनी धरून पाय वर न्यायचे आणि खांबाला पायांचा विळखा घालून तिढा मारायचा, ती अढी. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर यांची सप्तशृंगगडाशी जोडलेली आख्यायिका नाशिककरांना ठाऊक असते, तेव्हा मल्लखांबाचा शब्द इथे उपरा वाटणार नाही. ‘मनात अढी’ तर घराघरात आहे.

क्लोज्ड गार्ड म्हणजे हुबेहूब हेच, खांबाच्या जागी माणसाची कंबर. पाठीवर पडलेल्याने समोरच्याच्या कमरेभोवती पाय घालायचे, पाठीमागे घोटे एकमेकांत अडकवायचे, गुडघे आत दाबायचे. अढी सैल कशी होते तेही सांगतो, म्हणजे शब्द किती बरोबर बसतो ते कळेल. गुडघे उघडे राहिले किंवा कंबर जमिनीवर सपाट पडून राहिली तर वरचा माणूस पाठ ताठ करून बसतो आणि घोटे सुटतात. अढी घातली की लगेच त्याचं डोकं किंवा मनगट ओढून त्याला पुढे वाकवायचं, हेच तिचं काम. पायांनी धरून ठेवायचं आणि हात मोकळे राखायचे, हे मल्लखांबपटूला कोणी शिकवायला नको.

पण हीच अढी पाठीमागून घालायची नाही. समोरच्याच्या पाठीवर बसून पुढे घोटे अडकवले की तो त्या घोट्यांवर आपला पाय टाकून कंबर पुढे ढकलतो आणि घोटा मुरगळतो. पाठीमागून पायांचे आकडे मांड्यांच्या आत, सुटे ठेवायचे. या स्थितीला तालमीतला ‘सवारी’ शब्द जवळचा आहे. माउंटला, म्हणजे छातीवर दोन्ही बाजूंना गुडघे टेकून बसण्याला, ‘मांड’ म्हणा. घोड्यावर मांड ठोकतात तीच ती. ‘आरोहण’ वगैरे सुचवणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

चोकला ‘गळा दाबणे’ लिहिलंत तर तंत्रच चुकेल. मराठीत दाबणे आणि आवळणे वेगळे आहेत, आणि हा फरक इथे जिवावरचा आहे. दाबणे एका बाजूने होतं, आवळणे सगळीकडून. पाठीमागून गळा आवळताना कोपराचा खळगा हनुवटीच्या बरोबर खाली यायला हवा. मग दंड मानेच्या एका अंगाला आणि मनगटाकडचा भाग दुसऱ्या अंगाला लागतो. त्या हाताचा पंजा आपल्याच दुसऱ्या दंडावर, दुसरा पंजा त्याच्या डोक्यामागे. आता छाती फुगवून कोपरं जवळ आणली की मानेच्या दोन्ही बाजूंच्या, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या बंद होतात आणि माणूस साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपतो. नवशिका काय करतो? खळगा बाजूला राहतो आणि मनगटाचं हाड कंठमण्यावर येतं. तो गळा ‘दाबतो’. त्याने खोकला येतो, दुखतं, श्वासनलिकेच्या कूर्चेला इजा होऊ शकते आणि समोरचा शुद्धीवर असल्यामुळे हात सोडवायला त्याला भरपूर वेळ मिळतो. म्हणून पत्रकात ‘गळा आवळणे’ असंच लिहा, शिकवतानाही तोच शब्द वापरा. मुलाला ‘दाब’ म्हटलं तर तो दाबेलच.

कोपर, खांदा, घोटा यांच्या लॉकला, म्हणजे सांधा पिळून अडकवण्याला, ‘पेच’. फारसीत पेच म्हणजे पीळ. ‘डावपेच’मध्ये तो अजून जिवंत आहे, ‘पेचात सापडला’ हे तर आपण रोजच म्हणतो. ‘कोपराचा पेच’, ‘खांद्याचा पेच’ हे शब्द ऐकताक्षणी कळतात.

टॅपसाठी ‘थाप मारणे’ सुचवलंय, ते ताबडतोब काढा. ‘त्याने थाप मारली’ म्हणजे तो खोटं बोलला. दुसरीही एक अडचण आहे. तालमीत हाताने मांडीवर मारलं तर तो शड्डू, म्हणजे आव्हान. मॅटवर किंवा समोरच्याच्या अंगावर दोन-तीनदा मारलं तर ती शरणागती. आवाज जवळपास सारखा, अर्थ अगदी उलटा. इथे ‘टॅप करणे’च ठेवा, आणि पहिल्याच दिवशी सांगा की हात अडकलेले असतील तर तोंडाने ‘टॅप’ म्हटलेलंही तितकंच चालतं आणि ऐकताक्षणी पकड सोडायची.

मारण्याचे शब्द भरपूर आहेत, फक्त सरमिसळ नको. ठोसा सरळ समोर जातो. गुद्दा वरून किंवा पाठीत बसतो, म्हणून मांड ठोकून मारतात ते गुद्दे. लाथेत पायाचा कुठला भाग लागतो ते लिहा. कराटेची समोरची लाथ चवड्याने मारतात. बोटं वर ओढली नाहीत तर ती मोडतात. मुआय थायची, म्हणजे थायलंडच्या बॉक्सिंगची, आडवी लाथ नडगीने बसते, आणि समोरच्याने गुडघा वर करून तोड केली तर नडगीवर नडगी आदळते. डिसेंबर २०१३ मध्ये अँडरसन सिल्वाचा पाय असाच मोडला होता.

राहिला ‘पारंपारिक’. तो ‘पारंपरिक’ करा. परंपरेला ‘इक’ लागताना फक्त पहिलं अक्षर दीर्घ होतं, जसं नगरचं नागरिक, ‘नागारिक’ नव्हे.

त्या परिच्छेदात ‘पारंपरिक’ म्हणजे जुनं आणि एमएमए म्हणजे नवं असं मांडलं आहे, तेही तपासा. ज्यूदो कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये सुरू केला, तायक्वांदोला हे नाव १९५५ मध्ये मिळालं. वयाने ते कुस्तीपुढे लहान आहेत. पारंपरिक कलांत जोरदार लढत होत नाही हेही खरं नाही. कराटेतला काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, एकट्याने करतात, पण कुस्ती आणि ज्यूदोत समोरचा पूर्ण ताकदीने विरोध करत असतोच. खरा फरक पवित्र्यात दिसतो, कारण पवित्रा नियमांतून घडतो. कुस्तीगीर वाकून, डोकं पुढे आणि हात खाली ठेवून उभा राहतो, कारण तोंडावर ठोसा येणार नाही. ऑलिंपिक पद्धतीच्या तायक्वांदोचा खेळाडू आडवा उभा राहतो आणि हात सैल ठेवतो, कारण डोक्यावर हाताने मारायला मनाई आहे. बॉक्सर पुढच्या पायावर बिनधास्त भार देतो, कारण त्या पायावर लाथ येणार नाही. मुआय थायवाला ताठ उभा राहतो, पुढचा पाय हलका ठेवतो, आणि त्याचा पट काढणं त्यामुळेच सोपं जातं. एमएमएत यातलं काहीही येऊ शकतं म्हणून गुडघे थोडे वाकलेले, भार दोन्ही पायांवर जवळपास सारखा, हात हनुवटीपाशी. हातमोजेही त्याच हिशेबाचे, सुमारे ११३ ग्रॅमचे आणि बोटं उघडी, म्हणजे ठोसाही मारता येतो आणि पकडही घेता येते.

परिच्छेदात श्रेष्ठ-कनिष्ठ न लिहिता एवढं लिहा: ‘ठोसा, लाथ, पट आणि पेच इथे एकाच लढतीत येतात, म्हणून पवित्रा वेगळा शिकवला जातो.’ फलकावर मोठ्या अक्षरांत ‘एमएमए तालीम’, आणि खाली लहान अक्षरांत ‘ठोसा, लाथ, पट, पेच’.