उत्तर: एमसीएफ-७ पेशी निरोगी पेशींपेक्षा ताठ का येताहेत?

तुमचे आकडे पाहिले. एएफएमवर (बारीक प्रोबने पेशी दाबून तिचा ताठपणा मोजणारा सूक्ष्मदर्शक) स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशी १.७ किलोपास्कल आणि निरोगी म्हणून घेतलेल्या एमसीएफ-१०ए १.६; खरं तर कर्करोगाच्या पेशी मऊ यायला हव्यात. गाइड म्हणताहेत, पॅसेज (पेशी नव्या डिशमध्ये घालून वाढवायच्या फेऱ्या) जास्त झाले, नव्या पेशी आणा. इतक्यात पेशी फेकू नका. कामाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे: दोन लाइनी (म्हणजे पेशींचे हे दोन प्रकार) दोन वेगळ्या दिवशी मोजल्या आणि उपकरण सुविधेकडून हातात फक्त एक्सेल शीट पडली. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

बल आणि दबणं यांवरून ताठपणा काढायचं हर्ट्झ मॉडेल, त्यातला पॉयसन रेशो ०.५ वगैरे तुम्हाला माहीत असणार, ते सोडतो. (मी जीवशास्त्राचा माणूस नाही, यंत्राच्या बाजूचा आहे. त्या बेताने वाचा.)

मुळात तुम्ही शोधताय तो फरक लहान आहे. सिंगापूरच्या गटाने २००८ साली याच दोन लाइनी मोजल्या, तेव्हा एमसीएफ-७ साधारण १.४ ते १.८ पट मऊ निघाल्या. यूसीएलएच्या २००७ च्या पेपरातले '७० टक्क्यांहून जास्त मऊ' सगळ्यांना पाठ असतं, पण त्या रुग्णांच्या छातीतल्या पाण्यातून काढलेल्या पेशी होत्या. ती अपेक्षा इथे लावू नका.

आता एवढाच फरक एक कॅलिब्रेशन कसं खाऊन टाकतं ते बघा. डिफ्लेक्शन सेन्सिटिव्हिटी, म्हणजे डिटेक्टरच्या एका व्होल्टमागे कॅन्टिलिव्हर (प्रोब धरणारी लवचीक पट्टी) किती नॅनोमीटर वाकला, ती हवेत काढली आणि पेशी मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) मोजल्या, तर सगळं बिघडतं. द्रवातून हवेत येताना पट्टीवरून परतणारा लेसरचा किरण जास्त कलतो, त्यामुळे तेवढ्याच वाकण्याला सुमारे १.३३ पट व्होल्ट मिळतात. ०.०१ न्यूटन प्रति मीटर स्प्रिंग कॉन्स्टंटचा (पट्टीच्या स्वतःच्या ताठपणाचा) कॅन्टिलिव्हर, ५ मायक्रॉन व्यासाचा गोल प्रोब घ्या. पिएझो (प्रोब खाली-वर करणारा भाग) ६०० नॅनोमीटर खाली गेला, कॅन्टिलिव्हर खरा १०० वाकला, पेशी ५०० दबली: बल १ नॅनोन्यूटन, उत्तर सुमारे १ किलोपास्कल. हवेतला आकडा वापरला तर वाकणं १३३ दिसतं, बल १.३३ होतं, दबणं ४६७ वर येतं. उत्तर जवळपास १.५ किलोपास्कल. पेशी तीच! तुमच्या १.७ ला १.४७ ने भागून बघा, १.१६ येतं, आणि सगळा गोंधळ जागच्या जागी बसतो. असंच झालंय असं छातीठोक सांगत नाही, पण आधी हेच तपासा.

अशा सुविधांचा मला मनापासून राग आहे. एका ठिकाणी डब्यावरचा स्प्रिंग कॉन्स्टंट थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकत, आणि त्याच डब्यावर बारीक अक्षरात ०.००५ ते ०.०२ अशी मर्यादा छापलेली! मूळ फोर्स कर्व्ह (प्रत्येक दाबण्याचे बल-अंतराचे आलेख) मागितल्या की 'पॉलिसीत बसत नाही'. पावती मात्र स्लॉट संपायच्या आत. तुम्ही बुकिंगच्या ईमेलमध्येच लिहून घ्या: सगळ्या मूळ कर्व्ह, सेन्सिटिव्हिटी, स्प्रिंग कॉन्स्टंट, प्रोबची त्रिज्या, वेग, तापमान. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

पुन्हा मोजताना दोन्ही लाइनी एकाच दिवशी, एकाच कॅन्टिलिव्हरने. स्प्रिंग कॉन्स्टंट थर्मल पद्धतीने (उष्णतेमुळे पट्टी किती थरथरते त्यावरून) काढा. सेन्सिटिव्हिटी त्याच मीडियममध्ये, पेशी नसलेल्या स्वच्छ डिशच्या तळावर, दहाएक कर्व्हची सरासरी. त्याआधी हीटर लावून अर्धा तास थांबा, नाहीतर बेसलाइन सरकत राहते. त्यानंतर लेसरला हात लावायचा नाही. सत्र संपल्यावर सेन्सिटिव्हिटी परत काढा. ५ टक्क्यांहून जास्त हलली असेल तर तो डेटा बाजूला ठेवा. मी तरी ठेवतो, काहींना हे अती वाटतं. क्रम १०ए, ७, ७, १०ए असा ठेवा, म्हणजे प्रोबला चिकटणारी घाण एकाच लाइनीच्या माथी येत नाही.

वेग दोन्हींना सारखा ठेवा, कारण भराभर दाबलं की पेशी ताठ लागते. टोचायचं केंद्रकाच्या वर. कडेला पेशी इतकी पातळ असते की खालची काच मोजली जाते. सीओटू नसेल तर २५ मिलिमोलर हेपिस (मीडियमची आम्लता स्थिर ठेवणारं बफर) घाला आणि डिश तासाभरात बदला. एमसीएफ-१०ए झुंडीने वाढतात, म्हणून सुट्याशी सुट्या किंवा झुंडीशी झुंड अशीच तुलना करा.

रिव्ह्यूअरने 'तुमचा आकडा अमुक पेपरशी जुळत नाही' म्हटलं तर घाबरू नका. २०१८ च्या एका मोठ्या तुलनेत फक्त एमसीएफ-७ वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्या, तर ताठपणात १००० पटींपर्यंत फरक आला. तुमच्याच सत्रातलं दोन लाइनींचं गुणोत्तर द्या, त्यावरच वाद घाला. आणि ४० पेशींवर प्रत्येकी २५ कर्व्ह घेतल्या तर एन (नमुन्यांची संख्या) ४० लिहा, १००० नाही. सरासरीऐवजी मीडियन घ्या, उजवीकडची शेपटी लांब असते.

एक्सेलमध्ये सेन्सिटिव्हिटीचा कॉलम कुठे लपलेला असेल तर दोन्ही दिवसांचे आकडे इथे टाका, बघून सांगतो.