चैत्रांगणात मांजर का नाही?

चि. ओवी,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, आजी चैत्रांगणाच्या रांगोळीत कासव काढते, हत्ती काढते, नाग काढते, अगदी फणी आणि आरसासुद्धा काढते, मग मांजर का काढत नाही? प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर घाईत द्यायचं नव्हतं, म्हणून हे पत्र. आजोबांकडून वाचून घे आणि अर्णवलाही शेजारी बसव.

पाडव्यानंतर दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. ती माहेरी आलेली असते. माहेरी आलेल्या लेकीला काय काय लागेल ते सगळं आजी तिच्यासाठी रांगोळीत मांडते. झुलायला पाळणा, नटायला फणी, आरसा, हळदकुंकवाचे करंडे. दारी तुळस, गाईची पावलं, आणि वर सूर्य, चंद्र. शंख, चक्र, गदा, पद्म ही देवाची चिन्हं. आजीनं हे सगळं तिच्या आईच्या अंगणात बघितलं, तसंच ती काढते. मांजर काढू नये असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या अंगणात ते नव्हतं, एवढंच.

मग आपल्या मनीला कुठे बसवायचं? आजीच्या गौरीची जागा तशीच राहू दे. तिच्या शेजारी आजी शेणानं एक छोटा चौकोन सारवून देईल, तो तुझा. त्याचा नियम मी ठरवलाय: त्या दिवशी बाहेर जे स्वतः बघितलं, तेच तिथे काढायचं. ऐकलेलं नाही, मोबाइलवर बघितलेलं तर नाहीच. मनी रोज दिसते, तेव्हा ती पहिल्याच दिवशी काढ.

रांगोळी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायची आणि हळूहळू सोडायची. सुरुवातीला रेघ जाड येईल, येऊ दे. अर्णवला चिमूट जमायची नाही, त्याला ताटात बारीक माती पसरून द्या आणि बोटानं गिरवू द्या. पूर्वी मुलं अशीच धूळपाटीवर अक्षरं शिकायची. इथे जर्मनीत बालवाडीतली मुलं वाळूच्या ताटात हेच करताना दिसतात. चार वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, असं मला मनापासून वाटतं.

आता बघायचं काय? सकाळी ऊन चढायच्या आत आजोबांबरोबर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जाऊन ये. पिंपळाची नवी पालवी बघ, तांब्यासारखी लाल असते आणि हाताला मऊ लागते. तीच पानं पुढे हिरवी होतात, म्हणून एकाच फांदीवर लक्ष ठेव आणि दर दोन-तीन दिवसांनी तिच्यावरच्या पानाचं चित्र चौकोनात काढ. शेजारी शेजारी काढलीस तर रंग कसा बदलत गेला ते दिसेल. एक जुनं, जाड पान घरी आणून पाण्यात भिजत ठेव. काही आठवड्यांत त्याचा गर कुजतो, मग मऊ ब्रशनं हळूच साफ केलं की नुसती जाळी उरते. पाणी मात्र अधूनमधून बदला, नाहीतर डास होतील.

करंजाखाली फुलांचा सडा पडलेला असेल. पडलेलीच फुलं ओंजळीत आणायची, झाडावरची तोडायची नाहीत. रांगोळीत जांभळ्या रंगाच्या जागी तीच भर. काटेसावरीची बोंडं फुटली असतील तर कापूस वाऱ्यावर उडताना दिसेल. त्या कापसात बी शोध, म्हणजे तो उडतो कशासाठी ते तुझं तुलाच कळेल. तू कासच्या फुलांचंही विचारलं होतंस. ती पावसाळ्याच्या शेवटाकडे, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये फुलतात. आता पठारावर वाळलेलं गवत आणि कातळ असेल.

अंगणातल्या सावलीत मातीच्या परळात पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. ते रोज बदलायचं काम अर्णवचं.

हळदीकुंकवाच्या दिवशी आजी आंब्याची डाळ करेल. डाळ भिजत घालायच्या आधी एका वाटीनं मोज, चार-पाच तासांनी त्याच वाटीनं पुन्हा मोज, आणि किती फुगली ते मला सांग. कैरी किसताना हात मध्ये घालू नकोस. पन्ह्यात गूळ विरघळवायचं काम माग, ते तुला छान जमेल.

आणि एक मोठं काम. चौकोनाच्या मधोमध एक सरळ काठी रोव. सुट्टीच्या दिवशी तासातासानं तिच्या सावलीच्या टोकाला रांगोळीचा ठिपका दे. सावली साडेबाराच्या सुमारास सगळ्यात आखूड होते, मग पुन्हा लांबायला लागते. पुढचे काही आठवडे दुपारची ती सावली आणखी आखूड होत जाईल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात एक दिवस असा येतो, की साडेबाराला सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सरळ उभ्या काठीला सावलीच उरत नाही. आजीच्या चैत्रांगणातला सूर्य असा थेट तुमच्या अंगणावर येतो. इथे तसं कधीच होत नाही, हे गाव फार उत्तरेला आहे. सूर्याकडे बघायचं नाही, काठीकडेच बघायचं. टोपी घालून जा आणि बघून झालं की लगेच घरात या.

सावली नाहीशी झाली की मला फोन लाव. तेव्हा इथे सकाळचे नऊ वाजलेले असतात, मी उचलेन.

तुझा,
बाबा