सही असलेले क्रिकेट कार्ड घेताना स्टिकरवरची सही कमी प्रतीची मानावी का?

आपला प्रश्न असा आहे की एकाच खेळाडूची दोन कार्डे विक्रीला आहेत, एकावर थेट कार्डावर सही आहे, दुसऱ्यावर पारदर्शक स्टिकरवर. दुसरे बरेच स्वस्त आहे, तर ते घ्यावे का, आणि जामठ्याच्या मैदानावर स्वतः मिळवलेली सही या दोहोंच्या तुलनेत कुठे बसते. मीही नागपूरचाच असून बरीच वर्षे अशी कार्डे जमवतो. सही करताना खेळाडूच्या हाताखाली नेमके काय होते, हे आधी पाहावे आणि किंमत व दुर्मीळता यांचा विचार त्यानंतर करावा, असे माझे ठाम मत आहे.

स्टिकरच्या पद्धतीत कार्डे काढणारी कंपनी खेळाडूकडे स्टिकरचे ताव पाठवते, तो एका बैठकीत त्यांवर सह्या करतो, आणि ते स्टिकर पुढे कधीतरी कंपनीच्या सोयीने कुठल्याही कार्डावर चिकटवले जातात. म्हणजे ते कार्ड खेळाडूने पाहिलेलेही नसते, आणि जाणत्या संग्राहकांची नाराजी आहे ती नेमकी यावर. असे कार्ड ट्यूबलाइटखाली तिरके धरले की स्टिकरची कड स्पष्ट दिसते. नाव लांब असेल तर शेवटची अक्षरे त्या कडेवर अर्धवट तुटलेली आढळतात. थेट सहीतही दोष असतात. गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागावर शाई फाटते किंवा ओल्या शाईला अंगठा लागून ती पसरते. तरीही बाजारात थेट सहीलाच जास्त मान आहे, आणि मला तो योग्य वाटतो. मात्र स्टिकरवरच्या सहीला खोटी म्हणणे अन्यायाचे आहे. सही खरीच असते आणि तिची हमी कंपनीने कार्डाच्या मागे छापलेली असते. खरी फसगत होते ती छापील सहीत: भिंगातून पाहिल्यावर शाईच्या सलग रेघेऐवजी छपाईचे बारीक ठिपके दिसले, तर ते कार्ड सहीचे नाहीच.

तिसरा प्रकार कापलेल्या सहीचा. जुन्या पत्रावरची किंवा धनादेशावरची सही कापून कार्डाच्या चौकटीत बसवतात. अमेरिकेचा बेसबॉलपटू बेब रूथ याच्यासारखा 1948 साली वारलेला खेळाडू आज नव्या कार्डावर सही करू शकत नाही, त्यामुळे दिवंगतांच्या बाबतीत दुसरा मार्ग नाही, हे मला मान्य आहे. पण 1895 साली आपल्याच नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंचे एखादे अखंड पत्र कोणाच्या हाती लागले आणि त्याने सहीपुरता तुकडा कापून उरलेला मजकूर टाकून दिला, तर त्याला मी संग्राहक म्हणणार नाही. वहीतली सुटी सही असेल तर गोष्ट वेगळी.

जामठ्याला स्वतः घेतलेल्या सहीमागे कोणत्याही कंपनीची हमी नसते, म्हणून विकताना तिला भाव मिळत नाही. पीएसएसारख्या संस्था सही तपासून कार्ड सीलबंद करून देतात, पण साध्या कार्डासाठी तो खर्च परवडत नाही. स्वतःसाठी ठेवायची असेल तर मात्र मला हीच सही सर्वांत प्रिय आहे. त्यासाठी आंतरराष्ट्रीय सामन्याच्या गर्दीपेक्षा विदर्भाचा रणजी सामना गाठावा. बॉलपेनने पृष्ठभागावर ओरखडे पडतात, म्हणून बारीक टोकाचा पक्क्या शाईचा मार्कर न्यावा. कार्ड फार चकचकीत असेल तर आदल्या दिवशी त्यावर किंचित टाल्कम पावडर चोळून मऊ कापडाने पुसून घ्यावे, म्हणजे शाई नीट धरते.

सहीऐवजी कोड असलेले आणि सहीचे कार्ड नंतर पाठवण्याचे आश्वासन देणारे कार्ड आपण घेऊ नये. त्यावर मुदत असते, आणि बदली कार्ड येण्याची वाट महिनोन्महिने पाहावी लागू शकते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. कूलरच्या दमट हवेत कार्डे वाकतात आणि थेट उन्हात शाई फिकी पडते, म्हणून प्रत्येक कार्ड आधी पातळ पाकिटात, मग कडक प्लास्टिकच्या कव्हरात घालून, कूलर नसलेल्या खोलीतल्या बंद कपाटात ठेवावे.

आता आपल्या त्या दोन कार्डांविषयी. खेळाडू आपला अत्यंत आवडता असेल आणि सही स्टिकरच्या आत पूर्ण बसलेली असेल, तर स्वस्त कार्ड खुशाल घ्यावे. तसे नसेल तर तेवढ्याच पैशांत कमी प्रसिद्ध खेळाडूची थेट कार्डावरची सही मी पसंत करीन. दोन्ही बाबतींत पैसे देण्यापूर्वी कार्डाच्या मागच्या बाजूचा, हमीचा मजकूर वाचता येईल असा फोटो मागवावा, आणि विक्रेत्याने टाळाटाळ केली तर व्यवहार करू नये.