वाचकांचे प्रश्न : बेल्ट बदलावा की क्लच जुळवून घ्यावा?

प्रश्न : माझी स्नोमोबाइल सखल भागातल्या दाबलेल्या बर्फावर विनातक्रार चालत असे, परंतु उंच डोंगरावरील भुसभुशीत, खोल बर्फात नेऊ लागल्यापासून तिचा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणारा पट्टा) वारंवार तुटतो. अधिक मजबूत बेल्ट घ्यावा की क्लचची जुळणी बदलावी?

उत्तर : नवा बेल्ट विकत घेण्यापूर्वी तुटलेला बेल्ट हातात घेऊन नीट पाहावा. त्याच्या दोन्ही कडा चकचकीत झाल्या असतील आणि जळका वास येत असेल, तर तो घसरून तापला आहे. एकाच कडेचे दोरे उसवले असतील, तर बेल्ट ज्या दोन पुलींवर फिरतो (इंजिनाकडची प्रायमरी आणि ट्रॅककडची सेकंडरी; यांनाच क्लच म्हणतात), त्या एका रेषेत नसाव्यात. एकाच ठिकाणी तो झिजून अरुंद झाला असेल, तर ट्रॅक (बर्फावर फिरून गाडी पुढे ढकलणारा खालचा रुंद पट्टा) गोठून अडकलेला असताना थ्रॉटल दिला गेला आणि फिरणारी पुली जागच्या जागी थांबलेल्या बेल्टला घासत राहिली, असे समजावे. आपल्या वर्णनावरून पहिली शक्यता मला अधिक वाटते आणि तसे असेल तर कितीही मजबूत बेल्ट घातला तरी तोही तापणारच.

उंचीवर हवा विरळ असते आणि दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते. इंजिनावरच्या प्रायमरी क्लचमधील वजने (फिरताना बाहेर फेकली जाऊन ती पुली बेल्टवर दाबतात) मात्र सखल भागातल्या ताकदीसाठीच निवडलेली असतात. ती आता जड ठरतात, क्लच इंजिनाला झेपेल त्याआधीच वरच्या गुणोत्तराकडे (जणू वरच्या गिअरकडे) सरकतो, आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) पडतात आणि खोल बर्फाचा भार ओढताना बेल्ट घसरू लागतो. त्यातच खोल बर्फात गाडी बराच वेळ कमी वेगात असते, म्हणजे बेल्ट प्रायमरी पुलीच्या लहान व्यासावर चालतो. तिथे त्याला पकड कमी आणि ताण जास्त असतो.

म्हणून बेल्ट गरम झाल्यावर सपाट, मोकळ्या जागी पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम पाहावेत आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतील कमाल शक्तीच्या आकड्याशी ताडून पाहावेत. ते कमी असतील तर हलकी वजने घालावीत, जास्त असतील तर जड. पुस्तिकेत बहुधा उंचीनुसार वजनांचा तक्ता असतो. अंदाजपंचे सुटे भाग घेण्यापेक्षा सुरुवात तिथून करावी. क्लच कोणत्या आरपीएमला बेल्टची पकड घेऊन गाडी हलवू लागतो, हे प्रामुख्याने प्रायमरीच्या स्प्रिंगवर ठरते. सेकंडरी क्लचमधील हेलिक्सचा (तिरक्या उताराच्या भागाचा) कोन कमी केल्यास बेल्ट अधिक घट्ट दाबला जातो आणि भार वाढताच क्लच खालच्या गुणोत्तराकडे चटकन परततो. खोल बर्फात हाच गुण हवा असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कोणत्या बदलाने काय साधले हे कळत नाही. हौशी मंडळी नेमकी इथेच घाई करतात.

जुळणीला हात लावण्याआधी क्लचमधील झिजलेले रोलर, बुशिंग आणि इंजिनाचे माउंट (इंजिन ज्यांवर बसवलेले असते ते आधार) तपासावेत, कारण माउंट सैल झाले की भाराखाली इंजिन वळते आणि दोन पुलींची रेषा बिघडते. पुलींच्या पृष्ठभागावर तेलाचा अंश राहू देऊ नये. बेल्ट फार घट्ट असेल तर आयडलवरच (थ्रॉटल न देताही) गाडी पुढे सरकू पाहते. फार सैल असेल तर सुरुवातीचा जोर मिळत नाही.

नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवूनच बसवावा आणि सुरुवातीच्या काही दहा किलोमीटरांत वेग सतत कमीजास्त करत, पूर्ण थ्रॉटल टाळत चालवावा. रोज निघण्यापूर्वी मागचा भाग उचलून ट्रॅक मोकळा करून घ्यावा. जोरात चालवल्यावर इंजिन बंद करून, गार्ड (बेल्टवरचे संरक्षक झाकण) उघडून, सेकंडरी पुलीला अलगद स्पर्श करावा; तळहात टेकवून ठेवता येत नसेल, तर घसरण अजून थांबलेली नाही. गार्ड न लावता इंजिन मात्र कधीच चालू करू नये, कारण वेगात तुटलेल्या बेल्टचे तुकडे गंभीर इजा करू शकतात.